आधी घर, मग यंत्र : ऊब आणि गारव्याचा हिशेब



चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर गोलाकार दर्शनी भागाची एक जुनी इमारत उभी आहे. आज ती ‘विवेकानंदर इल्लम’ या नावाने ओळखली जाते. पाश्चात्त्य देशांतून परतल्यावर फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचा मुक्काम याच वास्तूत होता. परंतु तिचे मूळ नाव वेगळे आहे. मद्रासचे जुने लोक तिला ‘आइस हाऊस’ म्हणत, आणि तो सारा परिसर आजही त्याच नावाने ओळखला जातो.

१८४२ मध्ये ही वास्तू बांधली गेली ती बर्फ साठवण्यासाठी. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांमधून हिवाळ्यात बर्फाच्या लाद्या कापून घेई आणि जहाजाने हिंदुस्थानात पाठवी. १८३३ साली कलकत्त्यास निघालेल्या त्याच्या पहिल्या जहाजात सुमारे १८० टन बर्फ होता. चार महिन्यांचा प्रवास, दोन वेळा विषुववृत्त ओलांडणे, आणि तरीही त्यातील सुमारे १०० टन बर्फ बंदरास सुखरूप लागला. जहाजावर बर्फ तयार करणारे यंत्र नव्हते, वीज नव्हती. होता तो लाकडाचा भुसा आणि घट्ट रचलेल्या लाद्या. भुशात अडकलेली स्थिर हवा उष्णतेला वाट देत नाही, या एका साध्या गोष्टीवर तो सारा व्यापार उभा होता.

आजच्या विषयाचे सार या इमारतीत साठवलेले आहे. घर उबदार ठेवायचे असो वा गार, पहिला प्रश्न यंत्राचा नसतो. घर उष्णतेची ये-जा किती रोखते, हा पहिला प्रश्न असतो.

हा विषय या सभेपुढे येण्यास कारणही तसेच आहे. साठ वर्षांत शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली दूरवर पोहोचली. कोणी चेन्नईत नोकरीसाठी स्थिरावले, कोणी जर्मनीत, कोणी कॅनडात. दोन्हीकडे घरे बांधली जात आहेत, कर्जे काढली जात आहेत, आणि दोन्हीकडच्या आई-वडिलांच्या संभाषणात एक शब्द आता वारंवार येतो : ‘अंडरफ्लोअर हीटिंग’, म्हणजे फरशीखाली नळ्या किंवा विजेच्या तारा घालून घर उबदार करण्याची व्यवस्था. परदेशातील मुलगी कौतुकाने सांगते, “आई, फरशीच गरम असते, मोजेसुद्धा लागत नाहीत.” आणि चेन्नईतील भाऊ विचारतो, “मग याच नळ्यांतून थंड पाणी सोडले तर आमची फरशी गार होणार नाही का?” दोन्ही प्रश्न योग्य आहेत. त्यांची उत्तरे मात्र हिशेबाने द्यावी लागतात.

फरशीखालून ऊब आणण्याची कल्पना नवी नाही. रोमन लोकांच्या स्नानगृहांत जमिनीखालच्या पोकळीतून चुलीची गरम हवा खेळवली जाई. काश्मीरमधील हम्माममध्ये दगडी फरशीखाली लाकडे पेटवतात आणि कडाक्याच्या थंडीत माणसे त्या फरशीवर बसून राहतात. कोरियात या पद्धतीला ‘ओन्डोल’ म्हणतात. स्वयंपाकघरातील चुलीचा धूर आणि उष्णता दगडी लाद्यांखालच्या बोगद्यांतून नेऊन पलीकडच्या धुराड्याने बाहेर सोडायची, ही तिची जुनी रचना. चुलीजवळची सर्वांत उबदार जागा घरातील वडीलधाऱ्यांसाठी राखलेली असे. जमिनीवर बसणारा, जमिनीवर जेवणारा, जमिनीवर निजणारा हा समाज मराठी माणसाला परका वाटू नये. चेन्नईकरांना तर तो शेजारचाच आहे. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे ह्युंदाईचा कारखाना आल्यापासून अनेक कोरियन कुटुंबे त्या शहरात राहत आली आहेत. मात्र त्यांच्या चेन्नईतील घरांत ओन्डोलची गरज पडत नाही, कारण त्या शहराचे पहाटेचे तापमान ऐन हिवाळ्यातही साधारण २० अंशांच्या आसपास असते.

आता थंड देशातील घराचा हिशेब पाहू. उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते : वहन, अभिसरण आणि प्रारण. फरशीखालच्या नळ्यांतून ३० ते ३५ अंशांचे कोमट पाणी फिरते. त्याने फरशी किंचित तापते आणि तिच्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून प्रारणाने व अभिसरणाने खोलीभर ऊब पसरते. पृष्ठभाग मोठा असल्यामुळे तो फार तापवावा लागत नाही. माणसांच्या वावरण्याच्या जागेत फरशी २९ अंशांहून अधिक तापू देऊ नये, असा संकेत आहे. फरशी आणि हवा यांच्या तापमानात एक अंशाचा फरक असला, तर दर चौरस मीटरमागे साधारण ११ वॉट उष्णता खोलीत येते. हा एक आकडा लक्षात ठेवला, की पुढचे सारे उलगडते.

जुन्या, फटी असलेल्या, उष्णतारोधक थर नसलेल्या घराला कडाक्याच्या थंडीत दर चौरस मीटरमागे सुमारे १०० वॉट उष्णता लागू शकते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या घराला १०,००० वॉट. अशा घरात फरशी हवेपेक्षा नऊ अंशांनी अधिक तापवावी लागते. खोली २० अंशांची, तर फरशी २९ अंशांची. पायाला ती छान ऊबदार लागते, पण व्यवस्था तिच्या मर्यादेपर्यंत ताणलेली असते आणि बिल भरणाऱ्याचा जीवही.

याउलट उत्तम उष्णतारोधन केलेले घर घ्या. जर्मनीतील डार्मश्टाट शहरात १९९१ मध्ये ‘पॅसिव्ह हाऊस’ या संकल्पनेची पहिली घरे वसली. जाड उष्णतारोधक भिंती, तीन काचांच्या खिडक्या, फटी नाहीत, आणि आत येणारी ताजी हवा बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता घेऊनच येते, अशी त्यांची रचना. अशा घराला ऐन थंडीत दर चौरस मीटरमागे १० वॉटच्या आसपास उष्णता पुरते. १०० चौरस मीटरच्या घराला १,००० वॉट, म्हणजे एका विजेच्या इस्त्रीएवढी. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे १०० वॉट उष्णता सोडते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या, तर तेवढ्या वेळापुरते ते घर त्यांच्याच उबेवर चालेल.

या घरात फरशीखाली नळ्या घातल्या तर काय होईल? दर चौरस मीटरमागे १० वॉट हवेत, म्हणजे फरशी हवेपेक्षा फक्त एका अंशाने अधिक तापलेली असावी. २१ अंशांची खोली आणि २२ अंशांची फरशी. पायाला ती गरम लागणारच नाही, कारण तळपाय त्याहून उष्ण असतो. ज्या सुखासाठी खर्च केला, ते सुख घर चांगले असल्यामुळेच जाणवेनासे होते. जितके घर उत्तम, तितकी तापलेल्या फरशीची मौज कमी. ही विसंगती नळ्या विकणारा सहसा सांगत नाही.

याचा अर्थ ती व्यवस्था वाईट आहे असा नव्हे. तिची तुलना इतर साधनांशी केली पाहिजे. भिंतीवरचा रेडिएटर स्वस्त, लवकर तापणारा आणि दुरुस्तीस सोपा. जुन्या घरांत त्याला ६० ते ७० अंशांचे पाणी लागे. चांगल्या घरात गरज घटते, म्हणून तोच रेडिएटर कोमट पाण्यावरही पुरतो. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढतो आणि एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता देतो. पाणी जितके कमी तापवायचे, तितका तो काटकसरीने चालतो. म्हणूनच फरशीखालच्या नळ्यांशी त्याची जोडी जमते. फरशीखालच्या विजेच्या तारा घालायला स्वस्त, परंतु त्या एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतात. स्नानगृहापुरत्या ठीक, साऱ्या घराला महाग. भिंतीवरचा उलटसुलट चालणारा एअर कंडिशनर हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देतो. त्याचा थोडा आवाज आणि वाऱ्याचा झोत सहन करावा लागतो. लाकडाची शेगडी डोळ्यांना सुंदर, पण लहानात लहान शेगडीही सहसा काही हजार वॉट उष्णता देते. इस्त्रीएवढी गरज असलेल्या घरात ती पेटवली, तर अर्ध्या तासात खिडक्या उघडाव्या लागतील.

फरशीचा आणखी एक स्वभाव ध्यानात घ्यावा. सिमेंटचा जाड थर तापायला काही तास घेतो आणि निवायलाही काही तास. सकाळी थंडी म्हणून फरशी तापवली आणि दुपारी मोठ्या खिडकीतून ऊन आले, तर ती साठलेली ऊब मागे घेता येत नाही. त्यात नळी एकदा फरशीत गाडली गेली, की गळतीच्या दुरुस्तीसाठी फरशीच फोडावी लागते. म्हणून निष्कर्ष इतकाच : ज्यांचे घर नव्याने बांधले जात आहे आणि ज्यांना हीट पंप बसवायचाच आहे, त्यांनी फरशीखालच्या नळ्या अवश्य घालाव्यात. त्यांची ऊब संथ, सारखी आणि आवाजाविना असते. परंतु पैसा मोजकाच असेल, तर तो आधी भिंत, छत आणि खिडकीत घालावा. फुटक्या रांजणात पाणी कोणत्या भांड्याने भरावे, याची चर्चा रांजण सांधल्यानंतर करावी.

येथवरची गोष्ट थंड देशाची. आता चेन्नईच्या भावाचा प्रश्न.

मे २००३ मध्ये त्या शहराने ४५ अंशांचे तापमान अनुभवले. पण चेन्नईकरांना केवळ दुपार छळत नाही. गच्चीखालच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारावे. रात्री दहा वाजता बाहेर समुद्रावरचा वारा सुटलेला असतो आणि खाटेवर पडलेल्या आजीला मात्र छताकडून धग जाणवत राहते. पंखा फिरतो, तो तीच हवा खाली लोटतो. हवा ३१ अंशांची असली आणि छताचा खालचा पृष्ठभाग ३९-४० अंशांचा असला, तर शरीराला तो फरक स्पष्ट कळतो. कारण शरीराला जाणवणारे तापमान केवळ हवेचे नसते. ते हवा आणि भोवतालचे पृष्ठभाग यांच्या साधारण मध्यावर असते.

ही रचना ओळखीची वाटावी. विस्तीर्ण पृष्ठभाग, मंद ताप, सिमेंटच्या थरात दिवसभर साठलेली आणि रात्री सावकाश सुटणारी उष्णता. जर्मनीत जी व्यवस्था पैसे मोजून फरशीखाली घातली जाते, तीच चेन्नईत कोणीही न मागता डोक्यावर बसवलेली आहे. उघडा काँक्रीटचा स्लॅब म्हणजे उलटी टांगलेली अंडरफ्लोअर हीटिंगच होय.

तिचा हिशेबही वर्गात फळ्यावर मांडावा इतका सोपा आहे. उघड्या स्लॅबमधून, दोन्ही बाजूंत एका अंशाचा फरक असता, दर चौरस मीटरमागे साधारण ३.५ वॉट उष्णता आत येते. भर दुपारी कडक उन्हाचा परिणाम धरून बाहेरचे तापमान ५५ अंश आणि आतले ३० अंश मानले, तर फरक २५ अंशांचा. दर चौरस मीटरमागे सुमारे ८७ वॉट, आणि १०० चौरस मीटरच्या छतातून सुमारे ८,७०० वॉट. हा गोळाबेरीज हिशेब आहे, कारण उष्णता आत पोहोचायला वेळ लागतो. पण त्यातून प्रमाण कळते. दीड टनाचा एअर कंडिशनर पूर्ण क्षमतेने सुमारे ५,२०० वॉट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे असे पूर्ण तापलेले छत दीडहून अधिक यंत्रांचे काम निर्माण करते. हा आकडा गळक्या जर्मन घराच्या १०,००० वॉटच्या किती जवळ आहे, तेही पाहावे. ऋतू उलटा, रोग तोच.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तिच्यानुसार छतासाठी हे ३.५ चे प्रमाण १.२ च्या आत असावे. स्लॅबवर उष्णतारोधक थर देऊन ते साधले, तर ८,७०० वॉटचे ३,००० होतात. त्यावर पांढरा परावर्तक रंग किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवून उन्हाचा परिणाम ५५ वरून ४० अंशांवर आणला, तर फरक केवळ १० अंशांचा उरतो आणि १,२०० वॉट शिल्लक राहतात. पुन्हा एका इस्त्रीच्या जवळपास. यंत्र अजून विकत घेतलेलेही नाही.

आणि भावाची थंड फरशी? तिच्या आड चेन्नईची दमट हवा येते. हवेतील बाष्प ज्या तापमानाला पृष्ठभागावर पाण्याच्या रूपाने जमू लागते, त्याला दवबिंदू म्हणतात. चेन्नईत उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो बहुधा २४ ते २६ अंशांच्या दरम्यान असतो. फरशी त्याखाली गेली, की तिला घाम फुटतो. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर फरशी ओली होते, तोच प्रकार. ओल्या फरशीवर वृद्ध माणसे घसरतात आणि भिंतींना बुरशी धरते. म्हणून २८ अंशांच्या खोलीत फरशी फार तर २६ अंशांपर्यंत नेता येईल. फरशी गार करताना एका अंशामागे सुमारे ७ वॉटच मिळतात. दोन अंशांचे १४ वॉट, म्हणजे १०० चौरस मीटरमध्ये १,४०० वॉट. उघड्या छताच्या ८,७०० वॉटपुढे हे समुद्रात चूळ टाकण्यासारखे आहे. छत राखलेले असेल, तर मात्र छतापुरते पुरेसे होते. खिडक्या, भिंती आणि माणसे यांची उष्णता तरीही उरते, आणि हवा कोरडी करण्याची वेगळी सोय लागते.

अशी पूर्ण सोय केली तर ही पद्धत भारतातही चालते. हैदराबाद येथे इन्फोसिसने २०११ च्या सुमारास एका इमारतीच्या एका अर्ध्या भागात नेहमीची, पण सुधारित वातानुकूलन व्यवस्था आणि दुसऱ्या अर्ध्या भागात स्लॅबमधील नळ्यांतून थंड पाणी, अशी तुलनाच मांडली. नळ्यांच्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. पण तेथेही इमारतीचे उष्णतारोधन आणि खिडक्यांची सावली आधी साधलेली होती. दमट हवेचा हा नियम नागपूरकरांना दुसऱ्या अंगाने ठाऊक आहे. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात राजासारखा चालतो आणि चेन्नईत नेला तर नुसती ओल वाढवतो.

जुन्या बांधकाम करणाऱ्यांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण अनुभव होता. ‘मद्रास टेरेस’ नावाच्या छतात सागवानी तुळयांवर पातळ विटा चुन्यात उभ्या रचत. त्यावर विटांचे तुकडे आणि चुना यांचा जाड थर कुटून बसवत, आणि हिरडा व गूळ भिजवलेले पाणी त्यात घालत. सोलापूर-पंढरपूरकडील माळवदाच्या घरांत लाकडावर मातीचा जाड थर असे. दोन्ही छते उन्हाला आत येईतो दिवस मावळायला लावत. काँक्रीटचा स्लॅब मजबूत आहे, पातळ आहे, लवकर होतो. त्याने तुळया आणि वाळवी यांपासून सुटका केली, पण जुन्या छताची जाडी जाताना तिच्याबरोबर सावलीही गेली, हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

म्हणून चेन्नईतील घरासाठी क्रम असा असावा. प्रथम सावली : पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा, गच्चीवर वेल किंवा झावळ्यांचा मांडव. मग छताला पांढरा रंग आणि उष्णतारोधक थर. मग समोरासमोरच्या खिडक्या, म्हणजे संध्याकाळचा समुद्रवारा आरपार जाईल. मग पंखा : जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, नव्या बीएलडीसी पंख्याला त्याच्या निम्म्याहून कमी लागते, आणि त्याचा वारा दोन-तीन अंशांचा दिलासा देतो. या सर्वांनंतरही उकाडा उरला, तर लहान एअर कंडिशनर, आणि तोही २६-२७ अंशांवर पंख्याच्या जोडीने. फरशीखालच्या नळ्या या यादीत शेवटी येतात. त्या वाईट आहेत म्हणून नव्हे, तर आधीची कामे झाल्यावाचून त्यांचा उपयोग होत नाही म्हणून.

या क्रमात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. एअर कंडिशनर उष्णता नष्ट करीत नाही, ती गल्लीत टाकतो. ज्या घरात तो आहे ते गार होते, आणि समोरच्या पत्र्याच्या खोलीतील मूल आणखी तापते. छताला दिलेला पांढरा रंग मात्र कोणाच्याही वाट्याला उष्णता ढकलत नाही. उन्हाची झळ सर्वांत आधी लागते ती वृद्धांना, तान्ह्या मुलांना आणि वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खोलीत भाड्याने राहणाऱ्यांना. त्यांच्यासाठी हा प्रश्न सुखसोयीचा राहत नाही.

आणि तो शाळांपासूनही दूर नाही. ज्या ज्या शाळेचे वरच्या मजल्यावरचे वर्ग उघड्या स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली भरतात, तेथे मार्च-एप्रिलच्या परीक्षेत दुपारच्या सत्रातील मुलांच्या उत्तरपत्रिकांवर घामाचे थेंब पडतात. हुशारी तीच, अभ्यास तोच, पण डोक्यावरचे छत वेगळे. माजी विद्यार्थी आपल्या शाळेला काही देऊ इच्छितात, तेव्हा मनात प्रथम संगणक, कमान किंवा सभागृह येते. त्या सर्वांचे मोल आहेच. परंतु वरच्या मजल्याच्या गच्चीवर दिलेला पांढरा थर कोणाच्या नावाची पाटी मिरवणार नाही आणि तरीही दर उन्हाळ्यात, दर दुपारी, मुलांच्या डोक्यावर हात धरून उभा राहील.

आजच्या सभेतून घरी गेल्यावर प्रत्येकाने एक प्रयोग करावा. रात्री झोपण्यापूर्वी खुर्चीवर उभे राहून छताला हाताचा तळवा लावून पाहावा, आणि मग तसाच तो जमिनीला लावावा. दोहोंतला फरक हातालाच कळेल. नव्या घराचे किंवा नव्या यंत्राचे पैसे मोजण्यापूर्वी त्या फरकाचे उत्तर शोधावे. परदेशातील मुलीलाही दूरध्वनीवर हाच प्रश्न विचारावा : “फरशी गरम आहे हे समजले, पण भिंती आणि खिडक्या कशा आहेत?”

प्रश्न योग्य क्रमाने विचारायला शिकवणे, हेच साठ वर्षे या शाळेचे काम राहिले आहे. हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या सर्व लेकरांना, ती जेथे असतील तेथे, थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारे घर लाभो.